पावसातला सिंहगड आणि घरची जांगड

आषाढ लागला की पुण्यातील काही घरांत आठवड्यातून एकदा, पहाटे पाचच्या सुमारास, दबक्या आवाजात एक ठरावीक संवाद होतो. पन्नाशी ओलांडलेला घरचा कर्ता पुरुष बुटाच्या नाड्या बांधत असतो. स्वयंपाकघराच्या दारातून आई विचारते, "एवढ्या पावसात डोंगर कशाला रे? आणि तोही एकट्याने?" तो म्हणतो, "अकरापर्यंत येतो, आई," आणि दार ओढून घेतो. कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, हे तिने विचारलेले नसते आणि त्यानेही सांगितलेले नसते. अकराचे साडेबारा होतात. पत्नी दुकानावर मुलाला फोन लावते, मुलगा वडिलांना लावतो, आणि तो फोन लागत नाही.

बहुतेक वेळा एक वाजता दाराशी चिखलाचे बूट दिसतात आणि विषय तेथेच मिटतो. पुढच्या आठवड्यात तोच संवाद पुन्हा होतो.

सिंहगडाची ही चढण पुणेकरांच्या अंगवळणी पडलेली आहे. शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ३० किलोमीटरांवर, भुलेश्वर रांगेत हा गड उभा आहे. पूर्वी त्याचे नाव कोंढाणा. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे येथे पडले. १७०० साली छत्रपती राजारामांचा अंत याच गडावर झाला. आणि लोकमान्य टिळकांचा बंगला आजही तेथे पाहावयास मिळतो. परंतु दर आठवड्यास गड चढणारे जे हजारो लोक आहेत, ते काही इतिहासासाठी जात नाहीत. हिमालयातील मोहिमांची तयारी करणारे तरुण पाठीवर वजन घेऊन चढतात, पोलीस व सैन्यभरतीची उमेदवार मुले धावत चढतात, आणि त्यांच्या मागून, दर वळणावर कमरेवर हात ठेवून उभे राहत, व्यापारी पेठांतील गृहस्थ चढतात. डॉक्टरांनी साखर किंवा रक्तदाब मोजून 'चालायला लागा' म्हटलेले असते. आधी घराजवळची बाग होते, मग पर्वतीच्या पायऱ्या होतात, आणि एके दिवशी कोणाच्या तरी सोबतीने सिंहगड होतो. सोबती पुढे गळतात. गड मात्र सुटत नाही.

एकट्याने जाण्यामागे केवळ सोबतीचा अभाव नसतो. व्यापारी माणूस दिवसभर बोलत असतो. गिऱ्हाईक, दलाल, वाहतूकदार, हिशेबनीस, बँक आणि त्यावर हातातला फोन. आठवड्यात तास-दीड तास कोणाशीही न बोलता, आपल्याच श्वासाचा आवाज ऐकत चालावयास मिळणे ही त्याची चैन असते. आतकरवाडीच्या पायथ्यापासून पुणे दरवाजापर्यंत बेताच्या चालीने जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात साधारण दोन सामायिके होतात. डोंगर चढणे म्हणजे सामायिक नव्हे, हे खरेच. पण घरात बसून ज्याचे मन दहा मिनिटे स्थिर राहत नाही, त्याला या चढणीवर मौन सहज साधते. दम लागलेला माणूस बोलणार तरी काय?

चढ किती आहे, याचा अंदाज मात्र अनेकांचा चुकतो. गडाची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १३०० मीटर. शिखरजीचा पारसनाथ डोंगर १३५० मीटरांहून थोडा अधिक, म्हणजे दोन्ही माथे जवळपास सारख्या उंचीचे. पुणे शहरच मुळात सुमारे ५६० मीटरांवर वसलेले असल्यामुळे सिंहगडाची प्रत्यक्ष चढाई कमी पडते. आतकरवाडीच्या वाटेने ती साधारण ६०० मीटर भरते. पण शिखरजीच्या यात्रेत ९ कोस नव्हे, तर ९ किलोमीटर चढ, ९ किलोमीटर वर फिरणे आणि ९ किलोमीटर उतार अशी जी २७ किलोमीटरांची वाटणी आहे, तिच्यातला चढ लांबवर पसरलेला असतो. येथे ६०० मीटरांची उंची तीन किलोमीटरांच्या आतच गाठायची असते. पायऱ्या बहुतेक नाहीत. शत्रुंजयावर साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत, गिरनारवर त्याहून कितीतरी जास्त; पण पायरीवर पाऊल कोठे पडेल हे आधीच ठरलेले असते. सिंहगडाच्या वाटेवर प्रत्येक पाऊल माणसाला स्वतः ठरवावे लागते, आणि पावसात तेच ठरवणे सर्वात अवघड होते.

कोरड्या दिवसांत ही वाट म्हणजे मुरूम, खडे आणि मधूनमधून उघडा कातळ. पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतर तिचे रूप पालटते. मुरुमाखालची माती लोण्यासारखी होते. कातळावर शेवाळ धरते. काळ्या दगडावर ते काळेच दिसते, म्हणजे दिसतच नाही. वरून येणारे पाणी वाटेलाच ओढा समजून तिच्यातून वाहू लागते. उतारावर कारवी माजते, सात वर्षांनी एकदा फुलणारी. तिच्या दाटीत वाटेच्या कडा झाकल्या जातात. आणि या सर्वांवर धुके उतरते. दहा पावलांपुढचे दिसेनासे झाले की गडाची मळलेली वाट आणि गुरांनी पाडलेली ढोरवाट यांतला फरक कळत नाही. ढोरवाट मोठी फसवी असते. ती सुरुवातीस रुंद आणि सोपी दिसते, अर्धा फर्लांग आडवी जाते आणि एखाद्या घळीच्या तोंडाशी विरून जाते, कारण गुरांना तेथेच चरावयाचे असते. माणसाला वाटते, उतार तर खालीच जातो आहे, मग गावही खालीच असणार. सह्याद्रीच्या कड्यांवर हाच विचार सर्वांत घातक ठरतो. वाट हरवली असे वाटताच खाली उतरू नये, आल्या पावली परत मागे चढावे, हा नियम जुन्या जाणत्यांचा आहे. चढलेली उंची सोडवत नाही हे जसे खरे, तसे उतरलेली उंची पुन्हा चढवत नाही हेही तितकेच खरे, आणि दमलेला एकटा माणूस तेथेच चुकतो.

आईच्या प्रश्नाचा दुसरा भाग एकटेपणाचा होता. पहिला भाग पावसाचा. तो केवळ काळजीचा नव्हता.

चातुर्मासात साधु-साध्वींचा विहार थांबतो. शत्रुंजयाची यात्राही या काळात बंद असते. कार्तिकी पौर्णिमेस ती पुन्हा सुरू होते. पावसात भूमी जीवांनी भरून जाते, पाऊल टाकावे तेथे काहीतरी चिरडते, हे त्यामागचे कारण घरातील वृद्धांना ठाऊक असते. तरुण पिढी म्हणते, "आम्ही साधू थोडेच आहोत? दुकानाला तर रोज जातोच." हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही, पण ते डांबरी रस्त्यावर उभे राहून दिलेले उत्तर आहे. आषाढातल्या सिंहगडाच्या वाटेवर एक तास खाली पाहत चालले की आईचे म्हणणे डोळ्यांना दिसू लागते. नारिंगी पायांचे खेकडे बिळांतून बाहेर आलेले असतात. नखाएवढे बेडूक, गांडुळे, शंखवाल्या आणि बिनशंखाच्या गोगलगायी, आणि हात लावताच गोल वेटोळे करून नाण्यासारखा होणारा तो असंख्य पायांचा प्राणी. त्याला मराठीत कोणी 'पैसा' म्हणतात, तर कोणी 'वाणी'. व्यापाऱ्याच्या दोन्ही नावांनी ओळखला जाणारा हा जीव निदान व्यापाऱ्याच्या बुटाखाली तरी येऊ नये!

यातून मार्ग काय? 'पावसात जाऊच नये' हे सांगणे सोपे आहे, आणि ज्यांना ते पाळता येते त्यांनी कार्तिकाची वाट पाहण्यात काहीच उणे नाही. गड तेव्हाही तेथेच असतो आणि हवा अधिक चांगली असते. पण जे जातातच, त्यांच्यासाठी ईर्यासमितीचा अर्थ फार व्यावहारिक होतो. पुढची चार हात जमीन पाहून, घाई न करता, बोलण्यात किंवा विचारात न गुंतता पाऊल टाकणे. निसरड्या वाटेवर गिर्यारोहणाचे शिक्षक नवशिक्याला याहून वेगळे काही शिकवत नाहीत. नजर चार हातांवर असेल तर शेवाळही दिसते आणि गोगलगायही. कानात गाणी आणि हातात फोन असेल तर दोन्ही दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट याच वाटेने येते. चिखल टाळण्यासाठी लोक वाटेच्या कडेने, गवतावरून चालतात. तुडवलेल्या मधल्या पट्ट्यात जीव थोडे. खरी वस्ती कडेच्या गवतात असते. शिवाय कडेचे गवत मेले की तिथली माती मोकळी होते, पुढच्या सरीत ती वाहून जाते, वाट रुंदावते आणि उतार खचू लागतो. तेव्हा बूट भरले तरी चालतील, पण मधूनच चालावे. बुटांचे म्हणाल तर चामडे न वापरणाऱ्यांची येथे काहीच अडचण होत नाही, उलट सोय होते. भिजून लवकर वाळणारा कापडी बूट आणि खोल खाचांचा रबरी तळवा हेच या वाटेवर चांगले. हातात काठी असावी. छत्री मात्र माथ्याजवळ उपयोगाची नाही. सोंडेवरचा वारा ती उलटवतो आणि धरणाऱ्यालाही सोबत ओढतो.

देहाची बाब अधिक गंभीर आहे. आठवड्याचे सहा दिवस गादीवर किंवा खुर्चीवर बसलेला माणूस सातव्या दिवशी एकदम ६०० मीटर चढतो, तेव्हा हृदयावर पडणारा भार लहान नसतो. चालताना एक सबंध वाक्य न थांबता बोलता येते का, ही सोपी परीक्षा आहे. येत नसेल तर चाल जास्त आहे. एकट्या माणसाने हे वाक्य स्वतःशीच म्हणून पाहावे, कोणी हसणार नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण मळमळ यांपैकी काही जाणवले तर 'आता थोडेच राहिले आहे' हा हिशेब करू नये. तेथेच बसावे, जवळून जाणाऱ्याला थांबवावे, मदत मागावी.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांचा धोका आपल्या घरांत विशेष आहे, कारण याच महिन्यांत उपवास, एकासणे, आयंबिल चालू असतात. गोळी घेतलेली आणि पोट रिकामे, अशा स्थितीत चढण चढली तर रक्तातली साखर एकाएकी उतरते. हात थरथरतात, घाम फुटतो, विचार गोंधळतो. घरात असता हा घाम कोणाच्या तरी लक्षात येतो. पावसात भिजलेल्या एकट्या माणसाला तो स्वतःलाही कळत नाही. गोंधळलेल्या मनाला आपण गोंधळलो आहोत हेही समजत नाही. म्हणून ज्या दिवशी उपवास, त्या दिवशी गड नाही, एवढा नियम तरी अशा व्यक्तींनी करावा. इतर दिवशीही खिशात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी ओल न लागेल अशी बांधून ठेवावी, आणि गोळ्यांच्या वेळांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.

आता जांगडीविषयी.

आडतीत किंवा सराफीत वावरलेल्या घरांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पसंतीसाठी बाहेर गेलेला माल विकला गेलेला नसतो आणि दुकानातही नसतो. म्हणून जांगड वहीत तो लिहून ठेवतात. कोणता माल, कोणाकडे, किती वाजता गेला, केव्हा परत यायचा. परत आला की नोंद कापतात. संध्याकाळी न कापलेली नोंद दिसली की दुकान बंद होण्याआधी माणूस धाडला जातो. चार तोळ्यांच्या बांगड्यांसाठी जी शिस्त पाळली जाते, ती घरातला कर्ता माणूस डोंगरावर जाताना पाळली जात नाही, हे विचित्र आहे.

कागदाचा चतकोर पुरतो. कोणत्या वाटेने वर, कोणत्या वाटेने खाली. पायथ्याला गाडी कोठे ठेवली. खाली उतरून फोन करण्याची वेळ. आणि सर्वांत महत्त्वाची ती शेवटची वेळ, जिच्यानंतर घरच्यांनी वाट न पाहता हालचाल सुरू करावी. ही शेवटची वेळ नसली तर घर तास-दोन तास 'येतीलच' म्हणत बसते, आणि पावसाळी दिवसात तेच दोन तास उजेडाचे असतात. वेळ टळली की ११२ वर कळवावे. गडावरची दुकाने चालवणारे आणि गडाच्या घेऱ्यातील वाड्यांमधले लोक या उतारांवरची प्रत्येक घळ ओळखतात. महाराष्ट्रातील गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक अशा शोधासाठी रात्री-अपरात्री विनामोबदला धावून येतात. पण शोध कोठून सुरू करावा हे त्यांना कोणी सांगावयास हवे. 'सिंहगडाला गेले आहेत' एवढ्यावर डोंगराच्या चारही बाजू धुंडाळाव्या लागतात. कागदावर 'आतकरवाडीने वर, त्याच वाटेने खाली' असे लिहिलेले असेल तर त्या चारांपैकी तीन बाजू वगळल्या जातात. अर्थात लिहिलेली वाट मध्येच बदलायची नाही, हे ओघाने आलेच. माथ्यावर पोहोचल्यावर 'आज कल्याण दरवाजाने उतरून पाहू' अशी लहर आली तर आधी घरी फोन करावा. फोन लागत नसेल तर लहर सोडून द्यावी.

व्यापारी घरांना ही नोंद अधिक लागू पडते, याला कारण आहे. रविवारी सिंहगडावर एकटा जाणारा खरोखर एकटा नसतोच. मागेपुढे शेकडो माणसे असतात, वळणावळणांवर काकडी आणि लिंबू सरबत विकणाऱ्या मावश्या असतात, घसरून बसलेल्याला चार हात उचलतात. परंतु अनेक दुकानांची साप्ताहिक सुट्टी मधल्या वारी असते. बुधवारी वा गुरुवारी, धो धो पावसात, त्याच वाटेवर तासभर माणूस दिसत नाही. तीच वाट, तेच दगड, पण घसरून गुडघा दुखावला तर हाक ऐकणारे कोणी नाही. रविवारी शंभर वेळा चढल्याचा अनुभव त्या बुधवारी कामास येत नाही. पावसाळ्यातल्या मधल्या वारी सोबत घ्यावी, निदान पुतण्याला तरी उठवावे. आणि एकांतच हवा असेल तर तो मार्गशीर्षातल्या कोरड्या वाटेवर घ्यावा. कात्रजपासून सिंहगडापर्यंत डोंगरमाथ्यावरून रात्रभर चालण्याची जी आवड तरुणांत आहे, ती तर एकट्याची गोष्टच नव्हे.

हवामान खात्याने नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल त्या दिवशी प्रश्नच उद्भवू नये. अशा दिवशी घाटरस्त्यावर दरडी येतात, प्रशासन गड बंद ठेवते, आणि बंदी मोडून मागच्या वाटेने चढणाऱ्याला शोधण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी जीव धोक्यात घालावा लागतो. इशारा नसतानाही अर्ध्या वाटेवर आभाळ फाटते. तेव्हा मागे फिरण्याचा निर्णय एकट्यालाच घ्यावा लागतो, आणि येथे व्यापाऱ्याने आपलीच विद्या आठवावी. भाव पडू लागला की थोड्या तोट्यात माल सोडून बाजूला होणारा टिकतो. 'अजून थोडे थांबू' म्हणणारा बुडतो. घरून निघतानाच वेळ ठरवावी: साडेआठपर्यंत दरवाजा आला नाही तर जेथे असू तेथून परत. माथा दिसत असला तरी.

माथ्यावर पोहोचल्यानंतर मोह वेगळाच असतो. धुक्यात चुलींचा धूर, पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मटक्यातले घट्ट दही. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांचा अर्धा फराळ येथेच बाद होतो, आणि न तापवलेल्या दह्यासह पिठले म्हणजे सरळ द्विदल, त्यामुळे उरलेला अर्धाही! सांगितल्यास काही ठिकाणी कांद्यावाचून पिठले करून देतात, पण गर्दीच्या दिवशी तव्याचा आणि पळीचा भरवसा धरू नये. खाकरा, गूळ-दाणे आणि उकळून गार केलेले पाणी पाठीवर असावे. खादाडीपेक्षा वर अधिक गरज असते ती कोरड्या सदऱ्याची. भिजलेला सुती सदरा आणि सोंडेवरचा वारा यांनी जुलैतही दात वाजू लागतात, आणि थंडीने आखडलेले पाय उतारावर दगा देतात.

उतारावरच माणसे जास्त घसरतात. चढताना छातीपुढे डोंगर असतो, तोल गेला तर हात टेकतात. उतरताना पुढे पोकळी असते, मांड्या थकलेल्या असतात, मन घरी पोहोचलेले असते. म्हणून पाऊल लहान, गुडघे किंचित वाकलेले, काठी आधी आणि पाय नंतर. ओल्या कातळावर टाच देऊ नये, सगळा तळवा टेकवावा. फारच निसरडे असेल तर बसून सरकावे. कपडे धुता येतात. गुरे हाकणारी गावची पोरे अनवाणी भरभर उतरून जातात, त्यांच्याशी चढाओढ करू नये.

पायथ्याला आल्यावर प्रथम घरी फोन करावा, म्हणजे आईने किंवा पत्नीने कागदावरची नोंद कापावी. मगच चहा. आणि गाडीत किंवा बसमध्ये चढण्याआधी बूट तेथेच, वाटेच्या कडेच्या गवताशी, हळूच आपटून झटकावेत. तळव्याच्या खाचांत चिखलाबरोबर एखादा वेटोळे करून बसलेला वाणी असतो. शहरात आणून दाराबाहेर झटकला तर तो फरशीवर वाळून मरतो. आतकरवाडीच्या मातीत सोडला तर थोड्या वेळाने उलगडतो आणि चालू लागतो.